हायलँडरला कुठला ट्रॅव्हल ट्रेलर झेपेल? डीलर म्हणतो २४ फुटी घ्या, मला झोप नाही

खटारा_प्रेमी:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चूभूद्याघ्या. आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. गाडी २०२१ची टोयोटा हायलँडर, व्ही६, हायब्रिड नाही. घरात मी, बायको, दोन पोरं (९ आणि ६), आणि उन्हाळ्यात नाशिकहून आईबाबा येतात ते चांगले तीन महिने असतात. आत्तापर्यंत तंबूवर भागवलं. पण गेल्या वर्षी लासेनला रात्री अशी थंडी पडली की बाबा पहाटे तीनला उठून गाडीत हीटर लावून बसले आणि सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं की पुढच्या वेळी तुम्ही जा, मी घर सांभाळतो. तेव्हापासून बायकोने ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, डोक्यात घेतलाय.

शनिवारी डीलरकडे गेलो. २४ फुटी बंकहाउस दाखवला, मागे पोरांना बंक, पुढे क्वीन बेड, डायनेटचं (जेवायच्या कोपऱ्याचं) टेबल खाली घेतलं की आणखी एक बेड. ड्राय वेट (रिकाम्या ट्रेलरचं वजन) ४४०० पाउंड. हायलँडरची टोइंग कपॅसिटी, म्हणजे ओढायची क्षमता, ५०००. सेल्समन म्हणाला अजून ६०० पाउंड हातात आहेत, आरामात खेचेल. पेनसुद्धा काढलं त्याने. मी विचार करून सांगतो म्हणून सटकलो. बायकोला जाम आवडलाय. तुमच्यात कोणी ओढतं का? खरंच झेपेल का हा?

रानवारा:
सटकलात ते फार बरं केलंत. नऊ वर्षं ट्रेलर ओढतोय, आधी एसयूव्हीने, आता पिकअपने. ५००० हा आकडा तूर्त विसरा. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडाच्या वर जाऊ नका. तो आकडा इथे टाका, मग बोलू. वेबसाइटवरचा नको, तुमच्याच गाडीवरचा, कारण सनरूफ, तिसरी सीट, मोठी चाकं यांनी तो गाडीगणिक बदलतो.

खटारा_प्रेमी:
आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. १४१० पाउंड. पण ट्रेलर तर मागे चाकांवर असतो ना, त्याचा गाडीत बसणाऱ्या माणसांशी काय संबंध?

रानवारा:
इथेच सगळे फसतात, मीपण फसलो होतो. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. १० ते १५ टक्के पुढे हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा), म्हणजे तुमच्या गाडीच्या शेपटीवर असतं, त्याला टंग वेट म्हणतात. ते गाडीच्या दृष्टीने डिकीत ठेवलेल्या सामानासारखंच, १४१० मधूनच वजा होतं.

आता हिशोब करू. ४४०० हे रिकाम्या डब्याचं वजन आहे, फॅक्टरीतून निघतानाचं. त्यात पाणी नाही. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पाउंड तिथेच गेले. दोन सिलिंडरमधला प्रोपेन ४०. बॅटरी डीलर बसवतो, ती ५० धरा. मग अंथरुणं, खुर्च्या, भांडी, पोरांची खेळणी, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, कपडे, खाणं, याचे ६०० होतात, आणि आपल्या लोकांचे जास्तच होतात कारण कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, पाच किलो कणीक असा सगळा संसार निघतो. झाले ५४०० च्या वर. म्हणजे सेल्समनचे ते हातातले ६०० पाउंड तुम्ही घराबाहेर पडायच्या आधीच उडाले. त्याच्या १२ टक्के म्हणजे ६५० पाउंड टंग वेट. हायलँडरच्या हिचला ५०० ची मर्यादा आहे.

वजन विचारू नये पण तुम्ही सहा जणांची बेरीज करा.

खटारा_प्रेमी:
मी १८५, ही १४० (हा धागा ती वाचत नाही असं गृहीत धरतोय), पोरं ७० आणि ५०, बाबा १५५, आई १३०. ७३०.

रानवारा:
७३० आणि ६५० झाले १३८०. एवढ्या वजनाला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (हिचवरचं वजन बाकीच्या चाकांवर वाटणारा) लागेल, तो लोखंडी सांगाडाच ८० च्या आसपास. १४६०. अजून गाडीत चिवड्याचा डबासुद्धा ठेवलेला नाही.

नट_बोल्ट:
रानवारांचं गणित बरोबर आहे, थोडी भर घालतो, मी मिशिगनमध्ये गाड्यांच्याच धंद्यात आहे. टोइंगचा आकडा काढायला एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे. आधी जो तो आपल्या मनाने आकडे छापायचा, टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून हे पाळायला सुरुवात केली, बाकीचे हळूहळू आले. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, एसी फुल लावून, गाडीने ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायचं असतं. चाचणी कडक आहे. पण गाडीत धरतात दोन माणसं, प्रत्येकी १५० पाउंड. सहा माणसं, त्यांच्या बॅगा आणि आईंचं लोणचं त्यात नसतं. म्हणजे ५००० हे खोटं नाही, फक्त ते तुमच्या कुटुंबासाठी मोजलेलं नाही.

दुसरं म्हणजे हवा. १० फूट उंच आणि ८ फूट रुंद भिंत ताशी ५५ मैलांनी ओढायची म्हणजे वजनापेक्षा हवाच इंजिनाला जास्त छळते. गॅलनला २४ मैल देणारी गाडी ११ वर येईल, टाकी १८ गॅलनला जरा कमी, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे मैलांवर पंप शोधायला लागायचं. आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आय-८० वर डॉनर समिटला ७२०० फुटांवर गेलात की पाचातला एक भाग गेलेला असतो.

वाघ_नख:
एवढं घाबरवू नका हो नव्या माणसाला. मी टेक्सासमध्ये होंडा पायलट गाडीने २३ फुटी ओढतो, माणशी वजनं वगैरे कधी केली नाहीत, तीन वर्षांत काही झालं नाही. अमेरिकन लोक तर याहून मोठे ओढतात.

रानवारा:
टेक्सासमध्ये चढ कुठे आहे भाऊ.

वाघ_नख:
हिल कंट्री आहे की!

टोपीवाला:
काही होत नाही तोवर काही होत नाही. माझं सांगतो, कोणाला घाबरवायला नाही.

चार वर्षांपूर्वी, २१ फुटी, मध्यम एसयूव्ही, वजन कागदावर बसत होतं. आम्ही ट्रेसीहून घरी येत होतो, आय-५८०, अल्टामाँट पास. तिथे पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या. निघताना मी हुशारी केली, मागच्या बंपरवर रॅक लावून चार सायकली, त्यातल्या दोन इ-बाइक. पुढची पाण्याची टाकी रिकामी केलेली, वजन कमी व्हावं म्हणून. म्हणजे शेपटीला दोनशे पाउंड वाढवले आणि डोक्याचे काढले. टंग वेट किती उरलं असेल देव जाणे. उतारावर मी ६५ ने होतो, कॅलिफोर्नियात ट्रेलर असला की ५५ ची मर्यादा आहे हे माहीत असून. बाजूने एक ट्रक गेला आणि ट्रेलरने शेपूट हलवली. एकदा, दोनदा, तिसऱ्या वेळी गाडीचं मागचं टोकसुद्धा त्याच्याबरोबर जायला लागलं. आरशात एकदा डावीकडे ट्रेलरची खिडकी दिसायची, एकदा उजवीकडे. मागे बसलेली मुलगी हसत होती, तिला वाटलं मी मुद्दाम करतोय.

मी ब्रेकवर पाय ठेवणार होतो, तेवढ्यात यूट्यूबवर बघितलेलं आठवलं. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टीअरिंगने उलटं वळवायला जायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं गाडीतलं यंत्र) कडी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून गाडीला ओढून सरळ करतो. झालं सरळ. लिव्हरमोरला एक्झिट घेऊन वीस मिनिटं पार्किंगमध्ये बसलो. हिने थर्मासमधला चहा ओतला आणि कोणीच काही बोललं नाही.

तेव्हापासून सायकली गाडीच्या टपावर आणि जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) थोडं पुढे.

सुगरण_ऑन_व्हील्स:
बाप रे टोपीवाला. वाचूनच पोटात गोळा आला.

माझी शंका. सगळे वजनावर बोलताय, पण आत राहायचं कसं हे पण बघा ना. तो डायनेट मोडून बेड करायचा प्रकार शोरूममध्ये छान वाटतो. रोज रात्री टेबल काढा, गाद्या जुळवा, सकाळी आजोबा उठल्याशिवाय कोणालाच नाश्ता नाही. आईबाबांना कायमचा बेड द्या आणि तुम्ही दोघं डायनेटवर झोपा, माझं ऐका. आणि बाथरूममध्ये बसून बघा, दार लावून, खरंच. शोरूममध्ये लाज वाटते पण बघाच. आमच्या आधीच्या ट्रेलरमध्ये माझ्या मिस्टरांचे गुडघे दाराला लागायचे.

आणि फोडणी आत करायची नाही! पहिल्याच ट्रिपला मिरची-हिंगाची फोडणी दिली आणि स्मोक अलार्म असा बोंबलला की शेजारच्या साइटवरचे काका कुत्र्यासकट धावत आले. बाहेरचा स्टोव्ह घ्या, आत फक्त चहा आणि भात.

नट_बोल्ट:
पण आउटडोअर किचनवाला मॉडेल घ्याल तर ते कुठे बसवलंय बघा. बरेचदा अगदी मागच्या कोपऱ्यात असतं, फ्रिजसकट. म्हणजे पुन्हा टोपीवालांच्या सायकली.

बर्मिंगहॅमकर:
इंग्लंडहून. तुमचे आकडे वाचून गंमत वाटते. आमच्याकडे नोज वेट (तुमचं टंग वेट) ५ ते ७ टक्के ठेवतात, १० ते १५ ऐकलं तर लोक वेड्यात काढतील. आणि छोट्या गाड्यांनी मोठाले कॅरॅव्हॅन, म्हणजे तुमचे ट्रेलर, ओढतात. नवशिक्याला सांगतात की भरलेला कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर नेऊ नको. लायसन्सचं पण सोपं झालंय, डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंत चालतं, पूर्वी १९९७ नंतर पास झालेल्यांना वेगळी परीक्षा होती. मग तुम्हाला एवढा मोठा ट्रक कशाला लागतो?

नट_बोल्ट:
कारण तुमचा ॲक्सल साधारण मध्यावर, वजन हलकं, बहुतेकांना स्टॅबिलायझर हिच (शेपूट हलणं कमी करणारा), आणि टोइंगला मोटरवेवर ६० ची मर्यादा. आमच्याकडे काही राज्यांत ट्रेलरसकट ७५ ने पळतात. वेग वाढला की शेपूट हलायची शक्यता वाढते, म्हणून पुढे जास्त वजन ठेवायला लागतं, म्हणून जास्त ताकदीची गाडी लागते. तुमचे टक्के घेऊन आमच्या रस्त्यावर येऊ नका एवढंच.

पुणेरी_पाटी:
हे सगळं महाराष्ट्रात शक्य आहे का? २०२१ मध्ये सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं ना?

रानवारा:
आणलं होतं, पण आपल्याकडे दिसतात त्या बहुतेक मोटर कॅरॅव्हॅन, गाडी आणि घर एकच. मागे ट्रेलर जोडून वरंध घाटातून उतरायची कल्पना करा आणि समोरून एसटी. वेगळा धागा काढा, इथे खटाराशेठचा प्रश्न राहून जाईल.

गावठी_अंडं:
मी वेगळ्या टोकाचा माणूस. ओडिसी मिनीव्हॅन, ३५०० ची मर्यादा, आणि मागे १३ फुटी फायबरग्लासचा स्कँप. मिनेसोटात बॅकस नावाच्या गावात बनतात. वरचं आणि खालचं अशी दोन कवचं, करंजीसारखी मध्यावर जोडलेली, त्यामुळे टपाला जोड नाही आणि गळायची भीती कमी. भरून २००० च्या आत राहतो. आम्ही तिघंच आहोत म्हणून चालतं, सहा जणांना नाही चालणार, पण म्हणायचं एवढंच की आधी माणसं मोजा, मग गाडी, आणि मग शोरूममध्ये पाय ठेवा. तुम्ही सगळे उलट्या बाजूने जाता.

आणि गळती हा खरा शत्रू आहे, वजन नाही. सेकंडहँड बघायला गेलात तर कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांच्या खालची भिंत, पुढच्या कोपऱ्यातली जमीन अंगठ्याने दाबून बघा. बिस्किटासारखी दबली तर उठा आणि या. मी एकदा बघायला गेलो तो आत लॅव्हेंडरचा वास नुसता घमघमत होता. बेडखालचा फळा उचलला तर लाकूड काळं आणि हातात भुगा. मालक म्हणाला अरे हे आम्हालाच माहीत नव्हतं. बरं.

टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे पण बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही छान दिसू दे, नव्याचे पैसे किमतीतून कापून घ्या.

खटारा_प्रेमी:
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला हा धागा वाचायला दिला (वजनाचं बघितलंन, त्यावर वेगळी चर्चा झाली). २४ फुटी रद्द. मग आता बघू काय? ट्रक घ्यायचा नाहीये, रोज ऑफिसला हीच गाडी.

रानवारा:
मग ड्राय वेट बघूच नका, जीव्हीडब्ल्यूआर बघा, म्हणजे ट्रेलर भरून जास्तीत जास्त किती होऊ शकतो तो आकडा. ट्रेलरच्या बाहेर डाव्या बाजूला पुढे स्टिकरवर असतो. ४००० च्या आत शोधा. त्याच्या १२ टक्के ४८०, ५०० च्या आत बसतं. १६-१७ फुटी बंकहाउस या वजनात मिळतात, स्लाइडआउट (थांबल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग) नसलेले. स्लाइडआउट छान दिसतो पण तो वजन घालतो आणि बिघडायला अजून एक मोटर देतो.

गाडीला ७ पिनचं कनेक्शन आणि ब्रेक कंट्रोलर लागेल, ४ पिनवर फक्त दिवे चालतात, ट्रेलरचे ब्रेक चालत नाहीत. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावायचा की नाही हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, प्रत्येक कंपनीचं वेगळं म्हणणं असतं. आणि लक्षात ठेवा, तो लावल्याने वजन पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे वाटलं जातं, तुमचे ५०० आणि ५००० वाढत नाहीत. सेल्समन सांगेल वाढतात.

टोपीवाला:
टंग वेट घरी मोजता येतं. बाथरूमचा वजनकाटा ३०० च्या वर जात नाही म्हणून युक्ती करायची. जाड फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मध्ये तीन फूट अंतर. ट्रेलरचा जॅक विटेपासून एक फुटावर टेकवा. काटा जे दाखवेल त्याला तीनने गुणा. १५० दाखवलं तर ४५०. फळीचं वजन आधी शून्य करून घ्या. सामान पुढे-मागे हलवून बघितलं की काटा लगेच सांगतो काय फरक पडतो ते, पोरांना पण मजा येते.

नट_बोल्ट:
नाहीतर ट्रकवाल्यांच्या पंपावर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा, असतो. एकदा ट्रेलर जोडून वजन, मग बाजूला लावून फक्त गाडीचं. दोन्ही वेळच्या गाडीच्या चाकांवरच्या वजनातला फरक म्हणजे टंग वेट. २४ तासांत परत केलं तर दुसरं वजन स्वस्तात होतं.

सुगरण_ऑन_व्हील्स:
आणि लांबी! ग्लेशियरला गोइंग-टू-द-सन रस्त्यावर वरच्या भागात गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांपेक्षा लांब चालत नाही, आम्ही ट्रेलर कॅम्पग्राउंडला सोडून गेलो. योसेमिटीत एकाही साइटवर वीज-पाण्याचं हुकअप नाही, म्हणजे रात्री हीटरचा ब्लोअर बॅटरीवर. बाबांना थंडी वाजते म्हणताय तर एका बॅटरीवर राहू नका.

गावठी_अंडं:
ट्रेलर ठेवणार कुठे ते विचारलंच नाही कोणी. एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर ड्राइव्हवेत दोन दिवसांत पत्र येतं.

खटारा_प्रेमी:
हो, आलंय पत्र. 😀 अपडेट देतो, सात आठवडे झाले.

सेकंडहँड घेतला, १७ फुटी बंकहाउस, स्लाइडआउट नाही, ड्राय २९५०, जीव्हीडब्ल्यूआर ३८५०. कोपरे अंगठ्याने दाबून घेतले, विकणारी बाई हसत होती. टायर सात वर्षांचे निघाले, त्याचे पैसे कमी करून घेतले. पत्र आल्यावर स्टोरेज शोधलं, महिना १८० डॉलर, हा खर्च हिशोबात धरला नव्हता.

गेल्या आठवड्यात पिस्मोला पहिली ट्रिप. निघताना कॅट स्केलवर थांबलो, मागे दोन अठराचाकी थांबलेले, मला घाम फुटला. ट्रेलर भरून ३६२०, टंग वेट ४४०, म्हणजे १२ टक्क्यांच्या जरा वर. सहा जण, हिच आणि गाडीतलं सामान धरून १४१० च्या आत, पण अगदी काठावर, त्यामुळे पाण्याची टाकी रिकामी नेली आणि तिकडे भरली. वन-ओ-वन हायवेवर ५५ ने उजव्या लेनमध्ये. सगळे मागून कट मारून जात होते, जाऊ दे म्हटलं. कुएस्टाच्या उतारावर पोटात फुलपाखरं होती पण शेपूट एकदाही हलली नाही.

रिव्हर्स घ्यायला मात्र पंचवीस मिनिटं लागली. शेवटी शेजारच्या साइटवरचे आजोबा खुर्ची घेऊन बघायलाच बसले.

रानवारा:
आकडे बघून बरं वाटलं. बाबा आले का मग? झोपले का रात्री?

खटारा_प्रेमी:
आले. क्वीन बेड त्यांनाच दिला, आम्ही दोघं डायनेटवर. रात्रभर हीटर चालू होता, कोणालाही थंडी नाही. सकाळी चहा पिताना म्हणाले, त्या ब्लोअरचा आवाज फार येतो रे, तंबूत शांत झोप लागायची.